झाकणावर नाव लिहू नये

झाकणावर नाव लिहू नये.
उघडताना झाकणं बदलतात, हात बदलतात,
उरतं ते पेल्याचं अंग.
अंगावर लिहावं नाव, वय, गाव, तारीख,
आणि शाई वाळेपर्यंत थांबावं.

खानापूरच्या दवाखान्यामागं, पेरूच्या झाडाखाली,
मी माणसांना खोकायला शिकवते.
सकाळी, चहाच्या आधी,
साध्या पाण्यानं चूळ भरून.
ओढणी कुणीकडं उडते बघून उभी राहते,
वारा माझ्या पाठीकडून त्यांच्याकडं जाईल अशी.
"थुंकी नको ओ मामा, बेडका पाहिजे.
छातीच्या तळातला."

शट्टुप्पा कौलांच्या भट्टीवरचा.
पहिल्यांदा त्यानं दिली ती थुंकीच,
पांढरी, फेसाळ, पाहुण्यापुढं ठेवावी तशी.
म्हणाला, "बाईमाणसापुढं घाण कशी काढू?"
मी पाठ फिरवली,
कंपाउंडावर वाळत घातलेले हातमोजे मोजत राहिले.
अकराव्या हातमोज्याला आला तो आवाज,
आटलेल्या विहिरीत पोहरा कातळाला लागावा तसा.

दाट, पिवळट, कडेनं रक्ताची एक रेघ.
"झकास," मी म्हटलं.
तो हसला, पुन्हा खोकला.
"चाळीस वर्षं कौलं पाडली,
कुणी एकालाबी झकास म्हटलं नाही बगा."

पेला पिशवीत, पिशवी डब्यात,
डब्याच्या चारी अंगाला बर्फाच्या विटा.
कागद वेगळा, बाहेरच्या खिशात,
पेला पाझरला तरी कागदाला लागू नये म्हणून.
सव्वादहाची बेळगाव गाडी.
कंडक्टर इराप्पा रोज विचारतो, "मासळी काय ओ बाई?"
मी रोज म्हणते, "होय, कारवारची."

तिसऱ्या दिवशी निरोप: नमुना नाकारला.
पेल्यावर शट्टुप्पा, कागदावर कन्नडात शेट्टेप्पा.
कागद लिहिला बैलहोंगलच्या नव्या पोरानं.
त्याचं तरी काय चुकलं,
त्याच्या सख्ख्या काकाचं नाव शेट्टेप्पा.
मी फोनवर भांडले.
पलीकडची पोरगी हळूच म्हणाली,
"नान एन माडली, अक्का?"
बरोबर होतं तिचं.
एकाच्या छातीतलं दुसऱ्याच्या नावावर गेलं
की तिसराच कुणी सहा महिने गोळ्या गिळतो,
आणि पहिला खोकत राहतो.

शट्टुप्पाला सांगावा धाडला.
उलटा सांगावा आला:
"तो खोकला गेला. तसला परत कुठला आणू?"

सगळंच गारठ्यात ठेवायचं नसतं.
मागच्या पौषात नंदगडच्या एका तान्ह्याच्या
पाठीच्या कण्यातलं पाणी निघालं, वीसेक थेंब.
डॉक्टर म्हणाले, बर्फ नको,
थंडीनं मरेल ते, मग सापडणार नाही.
डबीत डबी, वर रुमाल, वर माझी शाल.
फाटकात गाडी अडकली तेव्हा
मालगाडीचे डबे मोजत
मी त्या पोराच्या जिवावर उठलेल्याला
काखेत ऊब देत बसले होते.
मारायचं त्यालाच आधी जगवायचं.
हे कुणाला सांगितलं नाही,
आईला तर नाहीच.

शट्टुप्पा चौथ्या दिवशी आला, अंधारातच,
कानाला मफलर, तोंडाला आपणहून बांधलेला टॉवेल.
मी पेल्यावर दोन्ही नावं लिहिली,
एकाखाली एक, दोन्ही लिप्यांत.
कागदावरही तश्शीच.
त्यानं पेला दिव्याकडं धरला.
"यातला मी कुठला?"
"दोन्ही. खोकायचं मात्र एकदाच."
अक्षरं खरी आहेत का बघावं
तसा त्यानं अंगठा टेकवला.
मातीनं गुळगुळीत झालेला अंगठा,
शाई फासटली, दोन्ही नावं एक झाली.

मी नवा पेला काढला. पुन्हा लिहिलं.
वाळेपर्यंत दोघं पायरीवर थांबलो.
तोवर वारा फिरला होता.
आम्ही जागा बदलल्या.